पडद्यावरची परीक्षा आणि वर्गातला प्राध्यापक

मुंबई विद्यापीठात नव्या तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा धक्का परीक्षेला बसला. २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले. हेतू रास्त होता. गठ्ठ्यांची ने-आण थांबणार होती, बेरजेच्या चुका टळणार होत्या. तयारीला मात्र वेळच दिला गेला नाही. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणारे विद्यार्थी खोळंबले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. वाशी, नेरूळ, पनवेलच्या महाविद्यालयांनाही ही झळ लागली. पद्धत पुढे टिकली, पण तिची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली.

शिकवण्याच्या बाजूचा बदल त्याहून जुना आणि संथ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम १९८४पासून दूरदर्शनवर दिसू लागले. २००३मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने एनपीटीईएल हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला, २०१७मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ आले. २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवता येतात. पनवेलहून हार्बर लोकलने येणारा विद्यार्थी आयआयटीतील व्याख्यान मोबाइलवर ऐकू शकतो, तेही फुकट. म्हणजे निव्वळ नोट्स उतरवून देणाऱ्या तासाला आता अर्थ उरलेला नाही, हे मान्य करायलाच हवे. वर्ग उरतो तो शंकेसाठी, वादासाठी, चुकलेले गणित फळ्यावर पुन्हा मांडण्यासाठी.

सगळेच पडद्यावर गेले की काय हरवते, ते कोविडकाळात दिसले. २०२०च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाल्या. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. तरी चार पाने सलग लिहून विचार मांडण्याची सवय त्या काळात तुटली, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांचे त्यात सर्वाधिक नुकसान झाले.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचा पायाच हलला. यंत्राने लिहिलेला मजकूर यंत्रानेच पकडावा, ही आशाही फोल ठरली. ओपनएआयने असे स्वतःचे साधन जुलै २०२३मध्ये अचूकतेअभावी मागे घेतले. अशा साधनावर विसंबून विद्यार्थ्याला कॉपीबहाद्दर ठरवणे अन्यायाचे आहे. खात्रीचा उपाय जुनाच आहे: वर्गात बसून लिहून घेणे, जर्नलवर समोरासमोर प्रश्न विचारणे, दहा मिनिटांची व्हायवा. स्वतः न लिहिलेला निबंध दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

या उपायाला माणूस लागतो. शंभरांच्या वर्गाची प्रत्येकी दहा मिनिटांची व्हायवा म्हणजे जवळपास सतरा तास, तेही एका विषयासाठी. राज्यातील अनेक महाविद्यालयांत मंजूर पदे रिक्त आहेत आणि वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. त्यांना मोबदला घेतलेल्या तासांपुरताच मिळतो. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात डेटा सेंटर्स उभी राहिली आहेत, यंत्रांची नवी मुंबईत वाण नाही. म्हणून शासनाकडे पहिली मागणी प्राध्यापकांची असावी: रिक्त पदे भरावीत, आणि व्हायवाला लागणारा वेळ कार्यभारात धरावा.