ओळख कोणाची द्यावी?

महाराष्ट्रांतून उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडला गेलेल्या विद्यार्थ्याला तेथें स्थिरावण्यापूर्वींच एक लहानसा अर्ज भरावा लागतो. उपाहारगृहांत बशा उचलण्याचें, दुकानांत माल लावण्याचें, किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पुस्तकें जागच्या जागीं ठेवण्याचें काम त्याला हवें असतें. पदवीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असतांना आठवड्याला सामान्यतः २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते; त्या मिळकतीवर पुष्कळांचा हातखर्च चालतो. अर्जाच्या शेवटीं बहुधा दोन रकाने असतात. ज्यांच्याकडे अर्जदाराविषयीं चौकशी करतां येईल, अशा दोन व्यक्तींचीं नांवें तेथें द्यावयाचीं असतात. त्यांस इंग्लंडांत ‘रेफरी’ म्हणतात. मराठींत परिचयदाते म्हणावें. पुष्कळ विद्यार्थी अडखळतात ते याच ठिकाणीं.

अर्जाबरोबर वजनदार माणसाची चिठ्ठी जोडण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. त्या संवयीनें विद्यार्थी संस्थेच्या अध्यक्षांचें, परिचयांतील आमदाराचें, नाहीं तर मोठ्या हुद्द्यावर असलेल्या काकांचें नांव लिहून मोकळा होतो. परंतु वशिला निराळा आणि साक्ष निराळी. हा आमचा माणूस आहे, असें वशिला सांगतो. याला काम करतांना पाहिलें आहे, असें साक्ष सांगते. लंडनच्या दुकानदाराला साक्ष हवी असते. मुलगा वेळेवर येतो काय, त्याला गल्ल्यावर बसवितां येईल काय, गिऱ्हाईक रागावलें तर तो तोंड आवरतो काय, एवढेंच त्याला विचारावयाचें असतें. अध्यक्षांना यांतलें कांहींच ठाऊक नसतें. काकांना ठाऊक असलें, तरी नातलगाचा शब्द तेथें धरीत नाहींत.

मग नांव कोणाचें द्यावें? कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि श्रम करून शिकण्याची शिस्त महाराष्ट्रांत रुजविली. आज अनेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते. तींत ज्यानें ग्रंथालयांत किंवा बागेंत काम केलें असेल, त्याच्या कामावर देखरेख करणारे ग्रंथपाल वा शिक्षक हे प्राचार्यांहूनहि सरस परिचयदाते होत. ज्याला असें काम करण्याचा प्रसंगच आला नसेल, त्यानें प्रयोगशाळेंत नित्य भेटणारे प्राध्यापक, किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत बरोबर राबलेले शिक्षक यांचा विचार करावा. शक्य तर एकानें अभ्यास पाहिलेला असावा व दुसऱ्यानें काम.

नांव लिहिण्यापूर्वीं त्या व्यक्तीची परवानगी घेणें अगत्याचें आहे. कोणत्या कामासाठीं अर्ज केला, हेंहि कळवावें. रकान्यांत नांव, हुद्दा, संस्था, अर्जदाराशीं असलेला संबंध, संस्थेचा ई-मेल आणि ९१ या देशांकासह दूरध्वनिक्रमांक स्पष्ट द्यावा. मात्र दुकानोदुकानीं वांटावयाच्या माहितीपत्रकावर हा तपशील छापूं नये. मागणी होईल तेव्हां तो देण्यांत येईल, एवढें लिहिल्यानें भागतें.

आणखी दोन बारकावे आहेत. पहिला नांवाचा. महाराष्ट्रांतील गुणपत्रिकांवर आडनांव आधीं येतें, आणि महाविद्यालयांत मुलगा भलत्याच नांवानें ओळखला जातो. इंग्लंडांतून चौकशी येते ती पासपोर्टावरील नांवानें. तें नांव परिचयदात्यास ठाऊक नसेल, तर ‘असा कोणी विद्यार्थी नव्हता’ असें उत्तर निर्मळ मनानें जावयाचें! विवाहानंतर आडनांव बदललेल्या विद्यार्थिनीनें तर ही काळजी अवश्य घ्यावी. दुसरा बारकावा वेळेचा. हिवाळ्यांत लंडनला सायंकाळचे ५ वाजतात, तेव्हां पुण्यांत रात्रीचे १०-३० झालेले असतात. म्हणून दूरध्वनि कोणत्या वेळीं करावा, तें अर्जांतच नमूद करावें.

इंग्लंडांतील जुन्या मालकाचें उत्तर पुष्कळदां कोरडें असतें, याचाहि विषाद मानूं नये. कर्मचाऱ्याविषयीं माहिती देतांना मालकानें योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे, असा निर्णय १९९४ सालीं ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स’ या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें दिला. ही जबाबदारी ओळखून अनेक कंपन्या केवळ हुद्दा व नोकरीच्या तारखा कळवितात. त्यामुळें अर्जांतील तारखांना मोठें महत्त्व येतें. तीन महिन्यांच्या कामाचे सहा महिने करून लिहिले, तर तें याच कोरड्या उत्तरांतून उघडें पडतें. आणि समाधानकारक चौकशीच्या अटीवर देऊं केलेलें काम हातचें जातें.

काम मिळो वा न मिळो, परिचयदात्यास निकाल कळवून त्याचे आभार मानावे. त्यानें स्वतःची पत विद्यार्थ्याला उसनी दिलेली असते. मिळालेलें काम पूर्वसूचना न देतां सोडणारा विद्यार्थी ही पत खर्चून टाकतो, आणि त्याच प्राध्यापकांचें नांव पुढच्या वर्षीं त्याच गांवीं दुसरा गरजू विद्यार्थी लिहिणार असतो.