त्या ओळी काढायच्या नाहीत



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. फिजिओथेरपीतलं मला फारसं कळत नाही. तरी बोलायला उभा आहे, कारण आपाचा पीएच.डी.चा प्रबंध संपत आला, तेव्हा मी तिला चुकीचा सल्ला दिला होता.

तिचा विषय शेतात राबणाऱ्या बायकांची कंबरदुखी. इथं डिंगोऱ्यात, ओतूरकडं, कांद्याची लागवड दिवसभर वाकूनच होते. तिनं चिठ्ठ्या टाकून बायकांचे दोन गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला नुसता नेहमीचा सल्ला. दुखणं मोजायला १० सेंटिमीटरची रेघ: एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’.

डिसेंबरात लागवड सुरू झाली आणि व्यायामाच्या गटातल्या काही जणींनी यायचं सोडलं. शेवटचं प्रकरण तिथंच अडलं.

मी म्हणालो, “त्यांच्या ओळी काढून टाक. निकाल छान दिसेल.”

आपा म्हणाली, “दिसेल रे. पण तो ज्यांना सवड मिळाली त्यांचाच निकाल. बाकीच्या गेल्या कुठं?”

ती त्यांच्या घरी गेली, मोजमाप घेतलं. चिठ्ठीत ज्या गटात नाव निघालं, त्याच गटात प्रत्येकीला धरलं. फायदा कमी दिसला. तिनं तसाच लिहिला. कोण का थांबलं, तेही लिहिलं.

प्रबंध इंग्रजीत आहे. त्याचा दोन पानी मराठी सारांश आज इथं ठेवलाय. ज्यांनी कामातून वेळ काढला, त्यांचा त्यावर पहिला हक्क. घरी न्या, वाचून घ्या. काही चुकलं असेल तर आपाला सांगा.