थबकलेला संगणक
१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्ससाठी एनएफएस ही व्यवस्था आणली आणि दूरच्या संगणकावरील फाइल आपल्याच यंत्रातली असल्याप्रमाणे उघडता येऊ लागली. मात्र फाइली सांभाळणारा सर्व्हर गप्प झाला की त्यावर विसंबलेले काम जागीच थिजते. थांबविण्याची आज्ञाही ते बहुधा मानीत नाही. अशा वेळी वैतागून वीज तोडणे अनिष्ट होय, कारण पाठवावयाची राहिलेली नोंद अजून यंत्राच्या स्मृतीतच असते. ‘हार्ड’ जोडणीत संगणक विनंती पुनःपुन्हा पाठवीत राहतो. सर्व्हर परतताच काम पुढे सरकते. ‘सॉफ्ट’ जोडणी काही प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळी होते. तिचा मोह पडतो खरा, पण त्यात लिहिलेले गमावण्याचा धोका आहे. तेव्हा आधी सर्व्हर चालू आहे काय, तार निसटली आहे काय, २०४९ क्रमांकाचे पोर्ट अडले आहे काय, हे पाहावे.