सहलीची यादी



आज सगळे सहलींच्या आठवणी काढताहेत, म्हणून एक सांगते. २०१० साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात, एका प्राथमिक शाळेने फक्त कृष्णवर्णीय मुलांना एका कृष्णवर्णीय रॉकेट-शास्त्रज्ञाला भेटायला नेलं. हेतू चांगला होता: आपल्यातलं कुणी तिथवर पोचलंय हे मुलांनी पाहावं, अभ्यासात मागे पडू नये. पण शाळेतच राहिलेल्या मुलांचे पालक चिडले. सरकारी शिक्षणात वंशावरून प्राधान्य द्यायला त्या राज्याच्या मतदारांनी २००६ सालीच बंदी घातली होती.

मला दोन्ही बाजू कळतात. आठवतं, नववीत कारखाना पाहायला फक्त मुलगे निघाले होते? बाईंनी भांडून आम्हा मुलींनाही गाडीत बसवलं. तिथे एक इंजिनिअर बाई यंत्र समजावून सांगत होत्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. मुलगेही ऐकत होते, तेही तितकंच गरजेचं होतं.

त्या शास्त्रज्ञाला गोऱ्या मुलांनीही भेटायला हवं होतं. मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास जरूर घ्यावेत. सहलीला मात्र सगळा वर्ग न्यावा.

बाई, त्या दिवशी तुम्ही भांडलात, म्हणून मी इंजिनिअर झाले.