पडद्याचं दुखणं, मनाची घालमेल

मधुमेहाचा परिणाम डोळ्यांच्या पडद्यावर झालाय, असं डॉक्टर सांगतात तेव्हा बहुतेकांना नीट दिसत असतं. म्हणून विश्वास बसत नाही. मग भीती, आणि पाठोपाठ अपराधीपणा. त्यात घरातलं कुणीतरी म्हणतंच, “गोड सोडलं नाहीस ना!” कृपा करून असं बोलू नका. मधुमेह किती वर्षं आहे, रक्तदाब किती, यावरही हा विकार अवलंबून असतो. दोषाच्या ओझ्यानं माणूस तपासणीच टाळू लागतो, आणि खरं नुकसान तिथं होतं.

या विकारावर लेझरनं उपचार करतात, तेव्हा आहे ती नजर टिकवणं हा मुख्य हेतू असतो. हे आधी समजलं नाही, तर उपचारानंतर फार निराशा येते. उपचार म्हणून डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की अंगावर काटा येतो. पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. डॉक्टरांकडे जाताना मनातले प्रश्न कागदावर लिहून न्या, सोबत कुणाला तरी न्या.

झोप उडाली, कशातच मन लागेना, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.