विलायती मालमोटार आणि महाराष्ट्र

नारायण पेठेंतील गृहिणी नगरची ज्वारी निवडावयास बसते, तेव्हां ती कोणत्या वाहनानें पुण्यास आली हा विचार तिच्या मनांत सहसा येत नाहीं. बैलगाडीचें ओझें जिनें आपल्या शिरावर घेतलें, त्या मालमोटारीचा पूर्वेतिहास पुष्कळसा विलायती आहे.

लँकेशायर परगण्यांतील लेलँड गांवीं १८९६ सालीं जेम्स समनर व हेन्री स्पुरियर यांनीं वाफेवर चालणारी दीड टनी गाडी बांधली. पुढें वाफ मागें पडून पेट्रोल आलें आणि १९०७ सालीं त्या कारखान्यास लेलँड मोटर्स हें नांव मिळालें. ग्लासगो शहरीं १८९९ सालीं आल्बियन व लूटन येथें १९३१ सालीं बेडफर्ड हीं घराणीं उदयास आलीं. दुसऱ्या महायुद्धांत एकट्या बेडफर्डनें सुमारें अडीच लाख गाड्या लष्करास पुरविल्या.

हे कारखाने बहुधा नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाकें व लोखंडी सांगाडा विकीत. त्यावर मालाचा हौदा चढवावा कीं उतारूंच्या बैठका, हें गिऱ्हाइकानें ठरवावें. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला एस. टी.ची पहिली गाडी निघाली, तीहि बेडफर्डचीच. तिचें अंग लाकडी व बैठका काथ्याच्या होत्या. पुढें मॉरिस कमर्शियलच्या चासीवर ‘नीलकमल’ व ‘गिर्यारोहिणी’ या पडदे लावलेल्या आरामगाड्या पुणें–महाबळेश्वर मार्गावर धांवूं लागल्या.

परंतु श्रोत्यांना नवल वाटेल, त्या काळीं एस. टी.च्या ताफ्यांत बेडफर्ड, लेलँड, आल्बियन, कॉमर, सेडन यांसह दहा बनावटींच्या गाड्या होत्या! दहा बनावटी म्हणजे दहा तऱ्हांचे सुटे भाग. एकीचा भाग दुसरीस लागू पडावयाचा नाहीं. मग मिस्त्री कितीहि कुशल असला, तरी त्यानें काय करावें?

खुद्द विलायतेंतहि हाच दोष होता. घराणीं अनेक आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. लेलँडनें १९५१ सालीं आल्बियन व १९६२ सालीं ए. ई. सी. हीं घराणीं आपल्यांत घेतलीं. १९६८ सालीं ब्रिटिश लेलँड हा प्रचंड संसार उभा राहिला. पण एका वाड्यांत राहूनहि चुली वेगळ्याच राहिल्या. ए. ई. सी.चा साउथॉल येथील कारखाना १९७९ सालीं बंद पडला आणि १९८६ सालीं बेडफर्डच्या मालकांनीं मालमोटारींच्या धंद्यांतून अंग काढून घेतलें.

इकडे मात्र निराळें घडलें. मद्रासेस १९४८ सालीं निघालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ सालीं अशोक लेलँड झाली व ‘कॉमेट’ गाडीचे भाग हळूहळू येथेंच होऊं लागले. टाटांनींहि १९५४ सालीं जर्मन डेम्लर-बेंझशीं हातमिळवणी करून जमशेदपुरास मालमोटारी काढल्या. दापोडीच्या कार्यशाळेंत एस. टी.नें गाड्यांचीं अंगें स्वतः बांधलीं. आज भंडारा जिल्ह्यांत गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना आहे; लँकेशायरच्या त्या लहानशा गांवाचें नांव अशा रीतीनें विदर्भांत नांदत आहे.

यंत्र पैसे टाकून आणतां येतें. पण त्याचा मोडलेला भाग घरीं घडविण्याची विद्या जो संपादन करतो, तोच त्या यंत्राचा खरा धनी होतो.