विद्यापीठाची वाट आणि शाळेचे रजिस्टर
(माधवनगर येथील विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



सन १९६२ मध्ये कोल्हापूरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण माधवनगरच्या मुलांस जवळ आले. आम्ही मॅट्रिकवरच थांबलो. म्हणून पुढे जाणाऱ्यांचे आम्हांस अधिक कौतुक वाटते.

अभियांत्रिकीच्या सामाईक प्रवेश परीक्षेसाठी मुले कसून अभ्यास करितात. परंतु राखीव जागेस जातवैधता प्रमाणपत्र लागते, हे पालकांस निकालानंतर आठवते! इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो; तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतो.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. शिक्षक असताना एका मुलाच्या जातीच्या रकान्यात आम्ही घाईने केवळ 'हिंदू' एवढेच लिहिले. पुढे त्यास उत्तम गुण मिळाले. पण त्या नोंदीवर शंका निघाली, प्रमाणपत्रास विलंब झाला आणि जागा गेली. ती खंत आजही आमच्या मनातून जात नाही.

म्हणून विनंती की, मूल नववीत असतानाच रजिस्टरातील नाव, जन्मतारीख व जात ताडून पाहावी. शाळा सोडल्यावर दुरुस्ती दुष्कर होते. आजोबा-चुलत्यांच्या नोंदींचे उतारे आत्ताच काढावेत आणि अकरावीतच पडताळणी समितीकडे अर्ज करावा. ज्यांच्या घरी वैधता प्रमाणपत्र आहे, त्यांनी त्याची प्रत भाऊबंदांस देण्यास कुरकुर करू नये. भाऊबंदकी शेताच्या बांधावर राहो. मुलांच्या कागदांत ती नको.